हौशी बायकांसाठी हलक्या, पटकन वळणाऱ्या स्कीज कशा निवडायच्या?

हिमफूल
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. वय ४७, उंची १५८ सेमी, वजन ५६ किलो. स्कीइंग चाळिशीनंतर सुरू केलं, हा सहावा सीझन. सोप्या आणि मध्यम उतारांवर आता दोन्ही स्कीज समांतर ठेवून वळता येतं, पण वळण घसरत घसरतच होतं, ते बर्फात बारीक रेघ कोरल्यासारखं वळण अजून जमलेलं नाही आणि खरं सांगायचं तर त्याची घाईही नाही, मला दिवसभर मजेत, न थकता, न घाबरता उतरायचंय एवढंच.

सध्या दिरांच्या जुन्या स्कीज वापरतेय. १७० सेमी लांब, मध्ये ८४ मिमी रुंद, आत धातूचा पत्रा आहे म्हणे. सकाळचे दोन तास बरे जातात आणि मग मांड्या पेटतात. त्यात एक विचित्र प्रकार असा की उजवीकडे वळते पण डावीकडचं वळण सुरूच होत नाही, पुढची टोकं सरळ खाली धावत सुटतात, मी घाबरून मागे बसते आणि मग तर त्या अजिबातच ऐकत नाहीत. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत खांद्यावर न्यायलाही जड पडतात.

तीन जणांना विचारलं. एक म्हणाला सगळ्यात हलकी घ्या, दुसरा म्हणाला लेडीज स्की घ्या बाकी बघू नका, तिसरी म्हणाली स्कीत काही नसतं, क्लास लावा. तुम्ही काय घेतलंत, काय बघून घेतलंत, ते जरा सविस्तर सांगाल का?

डोंगरवाट
हिमफूलताई, वजन नंतर, आधी लांबी. १७० म्हणजे तुमच्या डोक्यावर १२ सेमी! अगदी नवशिक्यांना हनुवटीपर्यंतची देतात, तुमच्यासारखं समांतर वळता येणाऱ्यांना साधारण नाक ते कपाळ, म्हणजे १४५ ते १५३च्या मधली. उंचीपेक्षाही वजनाला जास्त महत्त्व द्या, कारण स्कीला तुमची उंची कळत नाही, तिला दाबणारं वजन कळतं. ५६ किलोच्या माणसाने ८० किलोच्या माणसासाठी बनवलेली स्की घेतली तर ती वाकतच नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही, ती फक्त धावते. तुमच्या मांड्या पेटतात त्या याच कारणाने, प्रत्येक वळण तुम्ही पायाने ढकलून करताय.

दुसरं म्हणजे रुंदी. कंबर, म्हणजे बुटाखालचा सगळ्यात अरुंद भाग, जितकी रुंद तितकं एका धारेवरून (धार म्हणजे स्कीच्या तळाच्या कडेची धातूची पट्टी) दुसऱ्या धारेवर जायला जास्त कलायला लागतं. मशीनने सारखा केलेला बर्फ हेच तुमचं मैदान असेल तर ७० ते ७८ मिमी भरपूर झाली. ८४ वाईट नाही, पण ती थोड्या मोकळ्या, न दाबलेल्या बर्फातही जाणाऱ्यांसाठी.

चांदणरात
अगदी माझीच गोष्ट! मीही चार सीझन नवऱ्याच्या स्कीजवर काढले आणि आपल्यालाच जमत नाही असं समजत राहिले. मग १४९ सेमी, ७४ कमरेच्या घेतल्या. पहिल्याच दिवशी तिसऱ्या वळणाला मी थांबले, कारण वळण मी सुरू करायच्या आधीच झालं होतं, नुसतं तिकडे बघितलं आणि घोट्यातून किंचित कलले तेवढ्यात स्की निघाली.

वजनाचं सांगते. उतरताना मला ते फारसं जाणवत नाही कारण स्की बर्फावर टेकलेली असते. जाणवतं ते खांद्यावर, आणि पाय टेकायला दांडी नसलेल्या चेअरलिफ्टवर. दहा-दहा मिनिटं दोन्ही पायांना बूट आणि स्कीज लोंबकळतात तेव्हा माझे गुडघे अक्षरशः ओढले जायचे. आता बाइंडिंगसकट, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या भागासकट, जोडी पाच किलोच्या आसपास आहे, फरक कळतो.

पाऊलखूण
छान धागा, वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे.

मोकळा_वारा
थोडा उलट अनुभव लिहितो. बायकोसाठी मी हट्टाने सगळ्यात हलकी आणि सगळ्यात आखूड जोडी निवडली. सकाळी गुळगुळीत बर्फावर ती खूश. दुपारी सगळ्यांनी वळून वळून बर्फाचे ढिगारे केलेले असतात ना, तिथे पुढची टोकं नुसती थडथडायला लागली, प्रत्येक ढेकळाला स्की बाजूला फेकली जायची, त्यातून ती कडक पॅचवर गेली की धार पकडायचीच नाही. ती घाबरली आणि चूक माझी होती. ती माझ्यापेक्षा धीट आणि ताकदवान आहे, वेगाने उतरते, तिला जरा वजनदार हवी होती.

स्की जड होते ती बहुतेक वेळा धातूमुळे. टायटॅनल असं नाव असतं त्यामुळे लोकांना टायटॅनियम वाटतं, पण ते ॲल्युमिनियमचं मिश्रण आहे. पातळ पत्रा आत घातला की स्की थरथरत नाही, वेगात शांत राहते, पण ताठ आणि जड होते. हलक्या स्कीत पत्रा नसतो किंवा अर्धवट असतो, आणि लाकडी गाभ्यात पॉलोनियासारखं हलकं लाकूड असतं, बीच किंवा ॲशपेक्षा बरंच हलकं. पण म्हणून हलकी म्हणजे चांगली असं नाही, हलकी म्हणजे आरामात जाणाऱ्याला चांगली. तुमचा वेग कसा आहे ताई?

हिमफूल
वेग अजिबात नाही दादा. लोक बाजूने सुईसुई जातात आणि मी आपली वळणं मोजत उतरते. पण दुपारच्या ढेकळांची मलाही भीती वाटते, त्यामुळे तुमचं लिहिणं उपयोगी आहे.

तिरपी_धार
मी बरीच वर्षं स्कीजना धार लावायचं आणि मेण चढवायचं काम केलंय, त्यामुळे ते डावीकडचं वळण वाचल्यावर राहवलं नाही. नवीन स्की घ्यायच्या आधी एक करा. उजव्या पायातली स्की डाव्या पायात आणि डावीतली उजव्यात घाला, आणि तोच सोपा उतार उतरा.

कारण सांगतो. डावीकडे वळताना भार उजव्या पायावर येतो आणि उजव्या स्कीची अंगठ्याकडची धार काम करते. ती धार खराब असेल, दगडावर घासून तिला बारीक काटा आला असेल, तर वळण सुरू करायला तुम्ही स्की सपाट करता त्या क्षणीच तो काटा बर्फात अडकतो, स्की फिरायला तयार होत नाही आणि सरळ धावते. स्कीज अदलाबदल केल्या की तीच धार डाव्या पायाच्या करंगळीकडे जाते, तिथे भार फार येत नाही. तर आता डावीकडचं वळण सुधारलं तर दोष स्कीत. तसंच राहिलं तर दोष बुटात किंवा तुमच्या उभं राहण्यात. फुकटची परीक्षा आहे.

बर्फावर जायच्या आधी घरी बघायचं असेल तर नखाचा मागचा भाग धारेवरून टोकापासून शेपटीकडे हळूच ओढा, बोट नाही, नख. जिथे नख खरवडल्यासारखं होईल तिथे काटा आहे. मग स्कीच्या तळावर एक सरळ धातूची पट्टी आडवी ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. मध्ये उजेड दिसला आणि पट्टी फक्त दोन्ही धारांवर टेकली असेल तर तळ खोलगट झालाय, धारा उंच राहिल्यात. अशी स्की जगातल्या कुठल्याही चांगल्या स्कीअरला वळवायला अवघड जाते, रुळावरून चालल्यासारखी वाटते. बिचारी माणसं स्वतःला दोष देतात आणि आजार तळाला असतो.

आणि धारेचा कोन. हौशी स्कीला तळाच्या बाजूने साधारण १ अंश आणि बाजूने २ अंश बरा. तळाचा अंश अर्धा केला की स्की लगेच चावते, शर्यतीला छान, पण घसरत वळणाऱ्याला ती टोचरी वाटते. वळायला सोपी स्की हवी म्हणून दुकानात शंभर प्रश्न विचारतात लोक, पण या एका अंशाबद्दल कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

डोंगरवाट
धारदादा, सुंदर प्रतिसाद. अदलाबदलीची युक्ती मी स्वतः करून बघणार.

सावली_माथ्यावरची
मला लेडीज स्की या शब्दाबद्दल बोलायचंय. खूप वर्षं असं होतं की पुरुषांची स्की घ्यायची, आखूड करायची, वर फुलं काढायची आणि बायकांसाठी म्हणून विकायची. आत सगळं तेच, त्यामुळे आखूड झाल्यावर ती उलट जास्त ताठ लागायची. त्यामुळे नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका.

पण नाव खोटंच असतं असंही नाही. अमेरिकेत जीनी थोरेन नावाच्या बाईंनी कित्येक वर्षं हाच विषय लावून धरला. त्यांचं म्हणणं असं की बायकांच्या शरीराचा भार कमरेखाली जास्त असतो, त्यामुळे त्या स्कीवर नकळत मागे राहतात, म्हणून बाइंडिंग थोडं पुढे बसवा आणि बुटात टाचेखाली थोडी उंची द्या. त्या स्वतः स्कीज घेऊन गावोगाव फिरल्या आणि बायकांना करून दाखवलं. आज चांगल्या कंपन्या बायकांच्या स्कीत गाभाच वेगळा बनवतात, पातळ आणि हलका, आणि बाइंडिंग कुठे बसवायचं ती स्कीवरची खूणही काही मॉडेलांत पुढे असते. ब्लिझर्डची ब्लॅक पर्ल किंवा हेडची ग्राफीन घातलेली जॉय मालिका ही नावं बऱ्याच जणींच्या तोंडी असतात. पण ब्लॅक पर्लमध्येही वेगवेगळ्या कमरेच्या स्कीज आहेत, नाव एक असलं तरी रुंदीचा आकडा बघा.

मोकळा_वारा
पुढे बाइंडिंग सगळ्यांना लागतंच असं नाही पण. माझी बायको पुढे केल्यावर टोकावर पडल्यासारखी वाटते म्हणाली. खुणेवर ठेवलं तेव्हा बरं वाटलं.

सावली_माथ्यावरची
बरोबर, म्हणूनच आधी खुणेवर वापरून बघायचं. भाड्याच्या स्कीजमध्ये बाइंडिंग रुळावर सरकतं, तिथे एक-एक सेमी पुढे-मागे करून बघता येतं, सरकवून द्या म्हणून सांगायला लाजू नका.

भूमितीप्रेमी
वळायला सोपी हे मोजताही येतं, म्हणून लिहितो. स्कीवर तीन आकडे असतात, समजा ११८-७२-१०२. टोक, कंबर, शेपूट. टोक आणि शेपटीची सरासरी ११०, त्यातून कंबर ७२ वजा केली की ३८, त्याचं अर्धं १९ मिमी. म्हणजे स्कीची बाजू मध्यभागी १९ मिमी आत गेलेली आहे. आता टोकाच्या आणि शेपटीच्या सगळ्यात रुंद जागांमधलं अंतर समजा १.३८ मीटर. त्याचा वर्ग १.९०, भागिले आठ गुणिले ०.०१९, उत्तर साधारण साडेबारा मीटर. हीच स्कीवर छापलेली वळणाची त्रिज्या. हौशी माणसाला ११ ते १४ मीटर छान.

त्यात गंमत अशी की स्की जितकी कलवाल तितकी खरी त्रिज्या कमी होते. बर्फाशी ४५ अंशांत कलवली तर छापील आकड्याच्या ०.७ पट, ६० अंशांत निम्मी. पूर्वीच्या सरळ दोन-दोन मीटरच्या स्कीजमध्ये ही बाजूची खोली फारच कमी असायची, म्हणून लोक उडी मारून, ढकलून वळायचे. १९९३च्या सुमारास स्लोव्हेनियातल्या एलान कंपनीत युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच यांनी एससीएक्स नावाची खूप खोल कमरेची स्की केली आणि पुढच्या काही वर्षांत सगळा बाजारच बदलला. आपण चाळिशीनंतर हा खेळ शिकू शकतो यात त्या कमरेचा फार मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

तिरपी_धार
भूमितीप्रेमी, गणित अगदी बरोबर, पण एक जोडतो नाहीतर हिमफूलताईंचा घोळ होईल. वळायला सोपी याचे दोन वेगळे अर्थ आहेत. एक, धारेवर उभं केलं की स्वतःहून गोल फिरणारी, त्याला खोल कंबर आणि छोटी त्रिज्या. दुसरा, सपाट ठेवून पायाने फिरवली की सहज घसरत फिरणारी, त्याला वर उचललेली टोकं, नरम शेपूट आणि पिळायला मऊ स्की. ताई घसरत वळतात. त्यांना अगदी छोट्या त्रिज्येची, स्लॅलम म्हणजे झटपट वळणांच्या शर्यतीत वापरतात तशी स्की दिली तर ती प्रत्येक वेळी धार पकडून त्यांना ओढून नेईल आणि वळण संपवायला सोडणार नाही. म्हणून १३-१४ त्रिज्या आणि टोकाला रॉकर, म्हणजे टोक लवकर वर उचललेलं, असं मधलं घ्या. टोक उचललेलं असल्याने सपाट ठेवल्यावर बर्फाला टेकणारी लांबी कमी होते, १५४ची स्की फिरवताना १४८सारखी वाटते, आणि कलवली की पूर्ण लांबी कामाला येते. पायाखाली मात्र थोडी कमान हवी, नाहीतर कडक बर्फावर पकड राहत नाही.

पिळून बघायचंही शिकून घ्या. स्की उभी धरून एका हाताने टोकाजवळ पकडा, दुसरा हात मध्ये ठेवून ढकला, सहज वाकतेय का बघा. मग टोक दोन्ही हातांनी ओला टॉवेल पिळतो तसं पिळा. जी टोकाकडे किंचित पिळते ती माफ करणारी असते. आणि वजनाचा काटा बघण्यापेक्षा टोकाचं वजन बघा. फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे बुटापासून दुप्पट लांब असलेला ग्रॅम चौपट जड लागतो. दोन स्कीज काट्यावर सारख्या असतील तरी जिचं टोक हलकं ती पायात हलकी.

चांदणरात
हा टोकाचा मुद्दा कुणीच सांगितला नव्हता इतकी वर्षं. माझ्या स्कीला टोकाजवळ जाळीसारखा भाग आहे, आता कळलं कशाला.

हिमफूल
मंडळी, खबर आहे! काल अदलाबदल केली. तोच उतार, तीच वेळ. डावीकडचं वळण झालं. एकदा नाही, सलग अकरा वेळा मोजलं. मी खाली येऊन एका बाजूला उभी राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं हो, सहा सीझन मला वाटत होतं की माझा उजवा पाय कमजोर आहे, मी घरी त्या पायाचे वेगळे व्यायाम करत होते.

संध्याकाळी नखाने बघितलं, टोकापासून साधारण वीतभर अंतरावर खरखरीत लागलं, बोटाच्या पेराएवढा भाग. भिंगातून धारेवर उलटा वळलेला पत्र्यासारखा काठ दिसतो.

पण मांड्या मात्र तशाच पेटल्या, सकाळी अकरा वाजल्यानंतर. म्हणजे लांबीचा प्रश्न उरलाच. आणि एक सांगायचं राहिलं, बूट पण जुने आहेत, आत पाय जरा हलतो, मी दोन मोजे घालते.

डोंगरवाट
दोन मोजे!! ताई, मग आधी बूट, मग स्की. हे ओरडून सांगतोय असं समजू नका, पण स्कीला तुमचा निरोप बुटातूनच जातो. पाय आत हलतो म्हणजे तुम्ही कललात तरी आधी पाय कलतो, मग बूट, मग कधीतरी स्की. हलकी, चपळ स्की घेऊनही ती उशिराच वळणार.

आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते बघा. दीड-दोन सेमी ठीक, तीन म्हणजे बूट मोठा. मापाचा आकडा म्हणजे पायाची लांबी सेमीमध्ये, आणि बहुतेक ठिकाणी २३ आणि २३.५ला कवच एकच असतं, त्यामुळे अर्ध्या मापावर वेळ घालवू नका. मोजा एकच, पातळ. ताठपणा ६० ते ८०च्या मध्ये बघा, पण तो आकडा प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, म्हणून घालून नडगी पुढे दाबून बघायचं. बायकांच्या पोटऱ्या खालपासून भरलेल्या असतात, त्यामुळे पुरुषी बुटाचा वरचा कॉलर पोटरीला रुततो आणि माणूस आपोआप मागे किंवा वाकडा उभा राहतो. बायकांच्या बुटात तो खाली असतो. तुमच्यासाठी लेडीज हा शब्द सगळ्यात जास्त बुटात खरा आहे.

भूमितीप्रेमी
बुटावरून आणखी एक, हे छोट्या पायाच्या लोकांनाच भोगावं लागतं. बाइंडिंगमध्ये टाच बोटांपेक्षा काही मिलिमीटर उंच असते. समजा ४. तो फरक ३२५ मिमी तळाच्या बुटाला जेवढं पुढे झुकवतो त्यापेक्षा २७५ मिमीच्या बुटाला साधारण १८ टक्के जास्त झुकवतो, कारण तीच उंची कमी लांबीत चढायची. मग जास्त झुकल्यावर तोल सांभाळायला माणूस गुडघे वाकवून कंबर मागे नेतो. थोरेनबाई टाच उचला म्हणायच्या ते कडक घोट्याच्या लोकांना लागू पडतं, पण सगळ्यांना नाही. ताई, आरशासमोर बूट बाइंडिंगमध्ये अडकवून बाजूने फोटो काढून घ्या, मांड्या सतत ताणलेल्या दिसल्या तर हा कोन तपासून घ्या. बाइंडिंगच्या बोटांकडच्या भागाखाली पातळ पट्टी घालून तो कमी करता येतो.

फिजिओताई
मी गुडघ्यांवर काम करते म्हणून कळकळीने लिहिते. हिमफूल, तुम्ही घाबरून मागे बसते असं सहज लिहिलंत, पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. बायकांमध्ये स्कीइंगमधली एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य अस्थिबंधाची, इजा पुरुषांपेक्षा जास्त दिसते, आणि ती होण्याचा एक नेहमीचा प्रकार म्हणजे माणूस मागे पडतोय, कंबर गुडघ्यांच्या खाली गेली, डोंगराकडची स्की हलकी झाली, सगळा भार दरीकडच्या स्कीच्या शेपटीच्या आतल्या धारेवर, आणि ती शेपूट पायाला पिळते. अमेरिकेतल्या कार्ल एटलिंगर यांनी याला फँटम फूट असं नाव दिलं, कारण शेपूट उलट्या दिशेच्या पावलासारखी काम करते. त्यांच्या गटाने १९९५ मध्ये छापलेल्या अभ्यासात स्की पॅट्रोल (उतारांवर गस्त घालून मदत करणारे लोक) आणि कर्मचाऱ्यांना ही स्थिती ओळखायला शिकवल्यावर गुडघ्याच्या गंभीर इजा ६२ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. नुसतं शिकवून!

तर लक्षात ठेवा, हात पुढे, दोन्ही हात स्कीच्या वर दिसले पाहिजेत. तोल मागे गेला आणि सावरेना तर सावरायचा हट्ट सोडा, पडा. पडताना पाय ताठ करू नका आणि पूर्ण थांबेपर्यंत उठायला जाऊ नका. अर्धवट उठण्यातच गुडघे जातात.

लांब, ताठ शेपटीची स्की हा तुमच्या बाबतीत फक्त मांड्यांचा प्रश्न नाहीये. शेपूट जितकी लांब आणि ताठ तितकी ती मोठी पहार. आणि बाइंडिंग सुटलं म्हणजे गुडघा वाचला असं समजू नका, नेहमीचं बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनलेलं आहे.

पाऊलखूण
फिजिओताई, हे मी प्रिंट काढून ठेवलं. अर्धवट उठायची सवय मला आहे.

सावली_माथ्यावरची
+१. प्रत्येक क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवायला हवं.

हिमफूल
सगळ्यांचे आभार, आता दोन आठवड्यांनी सविस्तर लिहितेय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

आधी बूट घेतले. कवचात पाय घातला तेव्हा जुन्यात टाचेमागे माझी तीन बोटं आरामात जात होती. नवे २३.५, पातळ मोजा. पहिला तास वाटलं फार घट्ट आहेत, परत करावेत, मग अस्तर बसलं. जुन्या स्कीजची धार साफ करून घेतली.

मग चाचणीसाठी मिळणाऱ्या स्कीज घेऊन एकाच उतारावर तीन जोड्या फिरवल्या, प्रत्येकीवर चार फेऱ्या, दोन सकाळी दोन दुपारी, मोकळा_वारादादांची दुपार डोक्यात होती.

पहिली १४६ सेमी, तिघींत सगळ्यात हलकी. सकाळी स्वर्ग. पायात काही आहे असं वाटेना. दुपारी ढेकळांत मात्र टोकं फडफडली आणि मी पुन्हा मागे बसायला लागले, दोन फेऱ्यांतच थांबवलं. दुसरी १४९, अगदी खोल कंबर, छापील त्रिज्या ११. ही कलवली की झपकन फिरते पण वळण संपवून सरळ व्हायचं तर सोडत नाही, धारदादांनी लिहिलेलं ते ओढून नेणं काय असतं ते पायाला कळलं. अजून एक-दोन सीझननी कदाचित आवडेल.

तिसरी १५१, कंबर ७६, त्रिज्या १३, टोकाला रॉकर, पायाखाली कमान, लाकडी गाभा, धातू नाही. हातात घेतल्यावर पहिलीपेक्षा जड लागली म्हणून मी नाखूशच होते. उतरायला लागले आणि कसं सांगू, शांत वाटलं. घसरवायची तर घसरते, थोडी कलवली तर स्वतः फिरते. चौथ्या फेरीत एका वळणाला मागे वळून बघितलं तर बर्फात दोन बारीक रेघा होत्या. घसरल्याचा पसारा नाही, दोन रेघा! पुढच्या वळणाला नव्हत्या, पण त्या एकाला होत्या. दुपारी तीनपर्यंत उतरत होते, मांड्या थकल्या पण पेटल्या नाहीत.

हीच घेतेय. वजनात मधली आहे. दुकानात ती लेडीज म्हणूनच आहे पण मी टोक पिळून घेतली, नाव वाचून नाही.

चांदणरात
त्या दोन रेघा वाचून मलाच आनंद झाला. अभिनंदन!

मोकळा_वारा
दुपारची चाचणी केलीत हे फार बरं केलं. आम्ही नव्हती केली.

तिरपी_धार
मस्त निवड ताई. एवढं करा. नव्या बुटाचा तळ जुन्यापेक्षा आखूड आहे, त्यामुळे बाइंडिंग नव्याने बसवून घ्यावंच लागेल, आणि सुटण्याचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बाइंडिंगने बूट सोडायचा ते, स्वतः अंदाजाने फिरवू नका. तो आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यावरून वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि तुम्ही कशा प्रकारे स्की करता यावर ठरतो. सावकाश उतरणारी आहे असं स्पष्ट सांगा, तिथे फुशारकी मारली की आकडा वर जातो आणि स्की वेळेवर सुटत नाही. पन्नाशी झाली की तक्त्यात एक पायरी खाली यायचं असतं, तीन वर्षांनी आठवणीने बदलून घ्या. बुटाचा तळ साधा आहे की चालायला सोपा ग्रिपवॉकवाला, तेही बघून घ्यायला सांगा, सगळी बाइंडिंग्ज दोन्ही घेत नाहीत.

आणि घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच स्कीच्या वरच्या बाजूला आतून छोटी खूण करा, डावी आणि उजवी. दर काही दिवसांनी अदलाबदल करत जा म्हणजे अंगठ्याकडच्या धारा सारख्या झिजतील.

हिमफूल
आकडा तक्त्यावरून लावून घेतला, सावकाश म्हणूनच सांगितलं. तळ ग्रिपवॉक आहे, बाइंडिंगला चालतो. खुणा केल्या, डावीवर एक टिंब, उजवीवर दोन. दिरांच्या स्कीज परत दिल्या, धार साफ केलेली आहे आणि कुठली बाजू खराब होती तेही चिठ्ठीवर लिहून दिलं.